वाचकांचे प्रश्न : असाध्य आजारातला प्रवास आणि विम्याचा अर्ज

बरा न होणारा आजार जडलेल्या माणसाने प्रवास करावा का, आणि केलाच तर त्याला प्रवास विमा मिळतो का, या विषयावरची तीन पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. त्यांचा स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतापर्यंत पसरला आहे. केमोथेरपी थांबवली असून आता फक्त वेदना कमी ठेवण्याचे उपचार चालू आहेत. डॉक्टर ‘काही महिने’ एवढेच सांगतात. माझी बहीण लिस्बनला असते. तिच्या मुलीला बाबांनी अजून पाहिलेले नाही, आणि निवास परवान्याचे नूतनीकरण अडकल्यामुळे बहिणीला सध्या पोर्तुगाल सोडता येत नाही. अंगात ताकद आहे तोवर तीन आठवड्यांसाठी जाऊन यावे, असे बाबांचे म्हणणे आहे. व्हिसासाठी विमा लागतो म्हणून एजंटकडे गेलो, तर तो म्हणाला, “फॉर्मवर आजार लिहू नका, सगळीकडे ‘नाही’वर टिक करा. लिहिलंत तर पॉलिसी मिळणार नाही.” काय करावे? — एक वाचक, फोंडा

उत्तर : एजंटचा हा सल्ला मानू नका. विम्याच्या करारात अर्जदाराने विचारलेली प्रत्येक गोष्ट खरी सांगितली आहे, असे गृहीत धरून कंपनी जोखीम पत्करते. ते खरे नव्हते असे पुढे उघड झाले, तर कंपनी केवळ कर्करोगाचा खर्च नाकारून थांबत नाही. ती संपूर्ण पॉलिसीच रद्दबातल ठरवू शकते, आणि मग विमानतळावर पाय घसरून मोडलेल्या हाडाचा खर्चही हातचा जातो. आजार लपून राहील अशी आशा धरण्यातही अर्थ नाही. आपल्या वडिलांना लिस्बनमध्ये ताप आला आणि रुग्णालयात न्यावे लागले, तर केमोसाठी छातीवर पोर्ट (औषध सोडण्यासाठी त्वचेखाली बसवलेली छोटी डबी) बसवलेला असल्यास तो तिथल्या डॉक्टरला तपासतानाच हाताला लागेल, पहिल्याच सोनोग्राफीत यकृतातल्या गाठी दिसतील, आणि डिस्चार्ज समरीची सुरुवातच पूर्वेतिहासाने होईल. दावा तपासणारा माणूस तो कागद आधी मागतो. एजंटला कमिशन पॉलिसी विकताना मिळते. दावा नाकारल्याचे पत्र येते तेव्हा तो फोन उचलेलच असे नाही.

मात्र एजंटच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे, ती ही की आजार प्रामाणिकपणे लिहिला तर काही कंपन्या पॉलिसी देणार नाहीत. ज्या देतील, त्या कर्करोग आणि त्यातून उद्भवणारे सारे काही वगळून देतील. भारतात विकल्या जाणाऱ्या परदेश प्रवास विम्यात आधीपासूनचे आजार सहसा वगळलेले असतात. काही पॉलिसींमध्ये अशा आजारातून एकाएकी प्राणावर बेतले, तर रुग्णाची प्रकृती स्थिर होईपर्यंतचा खर्च ठरावीक मर्यादेत दिला जातो. हे वाचून आशा वाटेल, पण त्याच पुस्तिकेत वगळलेल्या बाबींच्या यादीत बहुधा असेही लिहिलेले असते की ज्याला डॉक्टरांनी आयुष्य मर्यादित असल्याचे सांगितले आहे, जो वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध प्रवास करतो आहे, किंवा जो उपचारासाठीच परदेशी चालला आहे, त्याला संरक्षण नाही. आपल्या वडिलांना यातली पहिली अट लागू होते. तेव्हा जाहिरातीचे रंगीत पान बाजूला ठेवून पॉलिसीची संपूर्ण शब्दरचना मागून घ्यावी आणि वगळलेल्या बाबींचे प्रकरण आधी वाचावे.

ते वाचल्यावर एजंटला न विचारता थेट कंपनीला ईमेल करा. वडिलांचे निदान, आजाराची अवस्था, चालू औषधे आणि डॉक्टरांचे मत स्पष्ट लिहून विचारा की ही माहिती दिल्यावर पॉलिसी मिळेल का, आजाराशी संबंध नसलेला अपघात किंवा संसर्ग तिच्यात येईल का, आणि मृत्यू झाल्यास पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च मृत्यूचे कारण कर्करोग असले तरी मिळेल का. उत्तर लेखी घ्या. फोनवर गोड आवाजात मिळालेल्या आश्वासनाला दाव्याच्या वेळी काडीची किंमत नसते. पुढे दावा अन्यायाने नाकारला गेला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. गोव्यासाठी हे कार्यालय मुंबईत आहे. तिथे हा लेखी पत्रव्यवहारच उपयोगी पडतो.

आता व्हिसाचा भाग. पोर्तुगाल शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. त्या क्षेत्राच्या अल्पकालीन व्हिसासाठी किमान ३०,००० यूरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा सक्तीचा असतो. तो मुक्कामाचे सगळे दिवस आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रात लागू असावा लागतो. तातडीचे उपचार, तातडीने रुग्णालयात दाखल होणे, वैद्यकीय कारणाने मायदेशी परत पाठवणे आणि मृत्यू यांचा खर्च त्यात अंतर्भूत असावा लागतो. कर्करोग वगळून दिलेल्या पॉलिसीचे प्रमाणपत्रही व्हिसाच्या फाइलीत लागू शकते. घोटाळा होतो तो इथेच. व्हिसा मिळाला म्हणजे विम्याचे काम झाले असे घरातल्यांना वाटते आणि आजारासाठी कसलीच तजवीज न करता मंडळी विमानात बसतात. व्हिसा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण छाननी वाढली तर ४५ दिवसही लागू शकतात. ज्याच्या हाती काही महिनेच आहेत त्याच्यासाठी हे ४५ दिवस फार मोठे आहेत, म्हणून कागद याच आठवड्यात जमवायला घ्या. तिकडे गेल्यावर प्रकृती बिघडून परतीचे विमान पकडणे अशक्य झाले, तर मानवतेच्या कारणावरून व्हिसाची मुदत वाढवून मिळण्याची तरतूद शेंगेनच्या नियमांत आहे. मात्र मुदत संपण्यापूर्वी तिथल्या अधिकाऱ्यांकडे जावे लागते आणि विमाही त्याबरोबर वाढवून घ्यावा लागतो.

कर्करोगाचा खर्च विमा उचलणार नाही, हे एकदा मान्य केले की पुढचे काम सोपे नसले तरी स्पष्ट होते. त्या खर्चाची रक्कम वेगळी काढावी लागेल. बहीण तिथली रहिवासी असली तरी तिच्या आरोग्यसेवेचा हक्क पाहुण्या वडिलांना मिळत नाही, आणि आपल्या गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनाही लिस्बनमध्ये कामाची नाही. वडील पोहोचण्यापूर्वी बहिणीने घराजवळच्या एखाद्या खासगी रुग्णालयात जाऊन तातडीच्या तपासणीचा आणि एका रात्रीच्या मुक्कामाचा दर लिहून आणावा, आणि वेदनाशमनाची सेवा देणारा डॉक्टर गरज पडल्यास घरी येईल का, तेही विचारावे. त्या आकड्यांवरून किती रक्कम हाताशी ठेवायची ते ठरवता येईल. ती रक्कम कुटुंबाला जड वाटत असेल, तर बेत बदलण्याची वेळ तीच आहे. तिकडे पोहोचल्यावर उसनवारी करण्यापेक्षा इथेच थांबून बहिणीच्या परवान्याचा पाठपुरावा करणे बरे. तिकिटे तारीख बदलता येणारी किंवा परतावा मिळणारी घ्या. थोडी महाग पडतील, पण आजारामुळे प्रवास रद्द झाल्यास विमा पैसे देणार नाही हे आपल्याला आता ठाऊक आहे.

विमानाविषयी डॉक्टरांशी स्वतंत्रपणे बोला. उड्डाणात केबिनमधला हवेचा दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असतो तेवढा असतो, म्हणजे घरी बरा वाटणारा माणूस तिथे धापू लागू शकतो. हिमोग्लोबिन खूप उतरलेले असेल किंवा पोटात पाणी साचलेले असेल तर त्रास आणखी वाढतो. स्वादुपिंडाच्या कर्करोगात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका इतर बहुतेक कर्करोगांपेक्षा अधिक असतो. गोव्याहून लिस्बनला वाटेत विमान बदलून जावे लागते आणि बसण्याचे तास पुष्कळ होतात, म्हणून रक्त पातळ ठेवणारे इंजेक्शन द्यावे का हे विचारून घ्या. पित्तनलिकेत स्टेंट (ती उघडी ठेवणारी बारीक नळी) असेल तर तो अलीकडे तपासला गेला आहे ना, हेही विचारा, कारण तो तुंबून कावीळ आणि थंडी वाजून ताप येणे ही या आजारातली नेहमीची आणीबाणी आहे. विमान कंपनीकडे वैद्यकीय माहितीचा फॉर्म असतो. तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी भरायचा आणि कंपनीच्या वैद्यकीय विभागाने मान्य करायचा असतो. व्हीलचेअर किमान ४८ तास आधी नोंदवावी. दाबोळी विमानतळावरून निघणार असाल किंवा मोपाहून, काउंटरवर गेल्यावर पाहू, असे या बाबतीत करू नका.

मॉर्फिन चालू असेल, आणि या अवस्थेत ते बहुधा असते, तर गोळ्या मूळ वेष्टनात आणि हातातल्या बॅगेत असाव्यात. सोबत डॉक्टरांचे इंग्रजी पत्र हवे. त्यात औषधाचे मूळ रासायनिक नाव, मात्रा, दिवसाला किती वेळा आणि मुक्कामासाठी लागणारी एकूण संख्या लिहिलेली असावी. पोर्तुगालच्या दूतावासाकडून या औषधांचा नियम आधी लेखी मागवून घ्या. वाटेत दुबईत एखादा दिवस नातेवाइकांकडे उतरण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या. संयुक्त अरब अमिरातीत मॉर्फिनच काय, आपल्याकडे सहज लिहून दिले जाणारे ट्रॅमाडॉल हे वेदनाशामकही नियंत्रित आहे आणि ते सोबत नेण्यासाठी तिथल्या सरकारी यंत्रणेची पूर्वपरवानगी लागते.

राहिली ती गोष्ट कोणीच विचारत नाही, आपणही विचारलेली नाही. वडिलांचे तिकडेच काही झाले तर काय करायचे, हे त्यांनाच विचारा. जी माणसे असा प्रवास मागतात त्यांनी याचा विचार आधीच केलेला असतो. बोलायचे टाळतो ते आपण. पार्थिव आणायचे असेल तर मृत्यूचा दाखला, पार्थिव टिकवण्याची प्रक्रिया केल्याचे प्रमाणपत्र, रद्द केलेला पासपोर्ट आणि भारतीय दूतावासाचे ना-हरकत पत्र लागते. भारतात आणण्याची आरोग्य खात्याची मंजुरी २०२३ पासून ‘ई-केअर’ या पोर्टलवरून मिळते. खर्च मोठा असतो आणि दिवस जातात. लिस्बनमध्येच दहन करून अस्थी आणणे त्या मानाने सुटसुटीत पडते. कोणता मार्ग घ्यायचा, आणि प्रकृती अचानक ढासळली तर अतिदक्षता विभाग आणि व्हेंटिलेटर हवा की नको, हे त्यांच्या शब्दांत लिहून एक प्रत बहिणीकडे ठेवा. हे झाले आणि डॉक्टरांनी होकार दिला, तर माझ्या मते जावे, आणि जायचेच तर तीन आठवड्यांऐवजी दहा-बारा दिवसांसाठी, पण लवकर जावे. या आजारात पुढच्या महिन्यावर ढकललेले प्रवास सहसा होत नाहीत.

प्रश्न : माझे थोरले दीर इंग्लंडमध्ये स्विंडनला राहतात. पोर्तुगीज पासपोर्टवर तिकडे गेले, त्याला बरीच वर्षे झाली. त्यांना फुप्फुसांचा फायब्रोसिस (फुप्फुसे कडक होत जाण्याचा आजार) आहे, चालताना ऑक्सिजन लागतो, आणि आता फार काळ नाही असे तिकडच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. चवथीला घरी येऊन माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या सजावटीखाली) बसायचे आहे, एवढाच त्यांचा हट्ट. तिकडच्या दोन-तीन विमा कंपन्यांनी नकार दिला. खरे सांगायचे तर आल्यावर ते परत जातील असे आम्हाला वाटत नाही. — एक वाचक, म्हापसा

उत्तर : आपल्या दिरांची स्थिती विम्याच्या बाबतीत भारतातल्या रुग्णापेक्षा बरी आहे. ब्रिटनमध्ये गंभीर आजार असलेल्यांना जादा हप्ता घेऊन, आजारासहित प्रवास विमा देणाऱ्या कंपन्या आहेत, आणि आजारामुळे ग्राहकाला नाकारले तर अशा कंपन्यांच्या यादीकडे त्याला वळवणे २०२१ पासून तिथल्या विमा विक्रेत्यांना बंधनकारक आहे. ही यादी ‘मनीहेल्पर’ या सरकारी पाठबळाच्या सेवेकडे मिळते. त्यांनी तिथे फोन करून सरळ विचारावे. हप्ता डोळे पांढरे करणारा असेल, तरी नकार आणि महाग होकार यांत फरक आहे. आपण मात्र म्हापशातून त्यांच्यासाठी असा विमा काढू शकणार नाही, कारण तो ब्रिटनच्या रहिवाशांनाच मिळतो. तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेचे युरोपात चालणारे कार्डही भारतात चालत नाही.

आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. असा विमा सहसा जाऊन परत येण्याच्या सहलीचा असतो. परतीचा इरादाच नसेल, तर ती वेगळी बाब आहे, आणि अर्जात परतीची तारीख लिहून प्रत्यक्षात कायमचे येणे म्हणजे पुन्हा तीच खोटी टिक झाली. एकमार्गी प्रवासाची पॉलिसी वेगळी असते. ती सहसा प्रवासापुरती आणि घरी पोहोचेपर्यंतच टिकते. तेव्हा दिरांनी आधी मनाशी ठरवावे. कायमचे यायचे असेल तर विम्याच्या मागे लागण्यापेक्षा इथल्या शुश्रूषेची सोय लावण्यात शक्ती खर्च करावी. लोटली येथे शांती अवेदना सदन आहे, पण ते कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतल्या रुग्णांसाठी. आपल्या दिरांना घरीच डॉक्टर आणि परिचारिका यांची जोड लावावी लागेल, आणि गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या छातीविकार विभागात आल्या आल्या त्यांचे कागद दाखवून ठेवावे लागतील. येण्यापूर्वी ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारे) आहे का ते पाहा. नसल्यास व्हिसा लागेल.

विमानातल्या ऑक्सिजनविषयी त्यांच्या छातीच्या डॉक्टरांकडून चाचणी करून घ्यावी. १५ टक्के ऑक्सिजनची हवा हुंगवून रक्तातला ऑक्सिजन किती उतरतो ते त्यात पाहतात, आणि उड्डाणात किती लिटर लागेल ते ठरते. स्वतःचा सिलिंडर विमानात नेऊ देत नाहीत, असे समजूनच तयारी करावी. हातात नेता येणारे, हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे कॉन्सन्ट्रेटर यंत्र कंपनीच्या परवानगीने चालते, आणि बहुतेक कंपन्या उड्डाणाच्या दीडपट वेळ पुरतील इतक्या बॅटऱ्या मागतात. त्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच हव्यात. इथे चवथ पावसात येते आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो, हे आपल्याला सांगायला नको. घरातले यंत्र इन्व्हर्टरवर किती तास चालते ते दीर येण्यापूर्वी लावून पाहा, आणि एक भरलेला मोठा सिलिंडर भाड्याने आणून ठेवा.

प्रश्न : आईला स्तनाचा कर्करोग असून तो हाडांत उतरला आहे. तिला पंढरपूरला जायचे आहे. देशातल्या देशात प्रवास विमा काढावा का? रेल्वेत कर्करुग्णांना सवलत असते ना? — एक वाचक, डिचोली

उत्तर : वेगळा विमा काढण्याची गरज नाही. आईची मेडिक्लेम पॉलिसी असेल तर ती पंढरपुरातही चालते. वाटेतल्या आणि तिथल्या कोणत्या रुग्णालयांत कॅशलेस सोय आहे एवढे कंपनीकडून विचारून घ्या. रेल्वेचे तिकीट काढताना ४५ पैशांत मिळणारा विमा जरूर घ्या, पण तो रेल्वे अपघाताचा आहे, आजाराचा नव्हे. कर्करुग्णांची भाडेसवलत उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाताना मिळते. टाटा रुग्णालयात जाताना आपण ती घेतली असेल, देवदर्शनाला ती लागू नाही.

मला काळजी वाटते ती रस्त्याची. चोर्ला घाटातून बेळगावमार्गे जाल तर वळणे आणि खड्डे दोन्ही आहेत, आणि पोखरलेल्या मणक्यांना गाडीचा एक दणकाही महागात पडू शकतो. निघण्यापूर्वी डॉक्टरांना कण्याचा अलीकडचा स्कॅन दाखवून, कमरेचा पट्टा लागेल का ते विचारा. मिरजेला एक मुक्काम करा. आषाढी-कार्तिकीची गर्दी टाळा, आणि पदस्पर्शाच्या रांगेचा आग्रह न धरता मुखदर्शनावर समाधान माना. आईच्या पाठीत नवी कळ उठली आणि त्याबरोबर पाय जड किंवा बधिर वाटू लागले, लघवी अडली, तर ती मज्जारज्जूवर दाब आल्याची खूण असते आणि त्यात तास मोजके असतात. तेव्हा घरी परतण्याची वाट न पाहता जे मोठे रुग्णालय जवळ असेल तिथे न्या. पंढरपुरात असाल तर सोलापूर जवळ पडते.